डोर्नहाल्डनची कबर आणि श्टुटगार्टचे महापौर

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, पण ‘महापौर’ हा शब्द दोन्हीकडे सारखा नाही. मुंबईत कारभार आयुक्त हाकतात. महापौर अडीच वर्षांचे, नगरसेवकांनी निवडलेले. श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहे, तिथल्या कायद्यात महापौराला मतदार थेट निवडतात, तेही आठ वर्षांसाठी. प्रशासनाचा प्रमुख तोच, नगरसभेचा मताधिकार असलेला अध्यक्षही तोच. श्टुटगार्टचे एकेकाळचे महापौर मान्फ्रेड रोमेल यांच्याबद्दल बोलायचे तर आधी या खुर्चीबद्दल बोलावे लागते.

दुसऱ्या महायुद्धातले जर्मन फील्डमार्शल एर्विन रोमेल यांचे हे चिरंजीव. १४ ऑक्टोबर १९४४ रोजी हिटलरच्या माणसांनी वडिलांना विष घ्यायला लावले, तेव्हा मान्फ्रेड पंधरा वर्षांचे होते. पुढे ट्युबिंगनला कायद्याचे शिक्षण, १९५६ पासून राज्य सरकारची नोकरी, १९७२ मध्ये अर्थखात्याचे राज्यसचिवपद. म्हणजे मुळात फायली आणि अंदाजपत्रकांतला माणूस. १९७४ मध्ये २९ वर्षे महापौर राहिलेले आर्नुल्फ क्लेट वारले. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मते पडली नाहीत. १ डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत सीडीयू या ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाचे रोमेल ५८.९ टक्क्यांनी निवडून आले.

आठ वर्षांची मुदत असली की लांब पल्ल्याची कामे हाती घेता येतात. शहरातल्या ट्रामच्या दोन रुळांमधले अंतर एक मीटर होते. ते १४३५ मिलिमीटर करून नवी श्टाटबान, म्हणजे शहरी हलकी रेल्वे, उभारायची होती. जुनी वाहतूक बंद न पाडता हे साधायचे म्हणून बऱ्याच मार्गांवर तीन रूळ टाकले, एक रूळ दोन्ही गाड्यांना सामाईक. अडचण फलाटांची: जुन्या ट्रामला सखल फलाट लागे, नव्या गाडीला उंच, म्हणून एकाच थांब्यावर दोन्ही बांधावे लागले. पहिला मार्ग १९८५ मध्ये सुरू झाला, रूळबदल संपायला २००७ उजाडले.

खरी कसोटी मात्र १९७७ ची. १८ ऑक्टोबरला श्टुटगार्टच्याच श्टामहाइम तुरुंगात आरएएफ (रेड आर्मी फॅक्शन) या डाव्या अतिरेकी संघटनेचे बाडर, एन्स्लिन आणि रास्पे मृतावस्थेत सापडले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या साथीदारांनी अपहरण केलेल्या उद्योगपती श्लायर यांचा मृतदेह मिळाला. अतिरेक्यांना आमच्या दफनभूमीत जागा नको, असा संतापाचा लोंढा उठला. रोमेल यांच्या स्वतःच्या पक्षातलेही बिथरले. पण दफनभूमी शहराच्या अखत्यारीतली, म्हणजे निर्णय रोमेल यांचा. वैर कुठेतरी संपले पाहिजे, आणि ते मृत्यूपाशी संपते, ही त्यांची भूमिका. २७ ऑक्टोबरला डोर्नहाल्डन दफनभूमीत तिघांना एकाच कबरीत पुरले. ज्याच्या वडिलांचा खून करून त्याच राजवटीने शासकीय इतमामात अंत्यसंस्काराचा देखावा केला, त्याला मृतदेहांचे राजकारण काय असते हे कोणी शिकवायची गरज नव्हती.

नगरसेवकांच्या मतांवर टिकणाऱ्या महापौराला हे झेपले असते का, मला शंका आहे. रोमेल यांना मतदारांपुढे पुन्हा जायचे होते ते १९८२ मध्ये. तेव्हा त्यांना ६९.८ टक्के मते पडली, आणि १९९० मध्ये ७१.७.