पहिली स्कूटर घेताय? आधी सीटवर बसून बघा

नवशिक्यांनी मायलेजआधी दोन्ही पाय टेकतात का ते बघावं. साधारण १०५-११० किलोची गाडी थांबताना एका बाजूला कलली की सावरत नाही. ११० सीसीचं इंजिन पुरतं. रोज डबलसीट असेल तरच १२५. सीबीएस म्हणजे कॉम्बी ब्रेक हवाच (नाशिककरांनो, आपलं सीबीएस बसस्टँड नव्हे!): मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो.

बजेट कमी म्हणून जुनी घेत असाल तर एमएच-१५ (नाशिक) पासिंगवर भुलू नका. इंजिन थंड असताना सुरू करा. गरम करून ठेवलेली गाडी दोष लपवते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. जागेवरून निघताना थरथरली तर क्लच किंवा बेल्ट बघायला सांगा. बेल्ट साधारण २०-२५ हजार किमीला बदलावा लागतो, नाहीतर रस्त्यातच तुटतो आणि इंजिन सुरू असूनही चाक फिरत नाही. टायर किती जुना तेही बघा: त्यावरचे ३५२१ म्हणजे तो २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलाय. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रायल गंगापूर रोडच्या गर्दीत नको, सकाळी रिकाम्या रस्त्यावर घ्या.