बँजो हाती का घ्यावासा वाटतो

पंचवटीतल्या आमच्या खोलीत संध्याकाळी बँजोचा वर्ग भरतो. मुलांना सोडायला येणारे पालक पहिले दोन दिवस काही बोलत नाहीत, तिसऱ्या दिवशी दाराशी चपला घालता घालता विचारतात, "सर, हार्मोनियम आहे, तबला आहे, गिटार आहे. मग लोकांना बँजोच का शिकावासा वाटतो? तुम्हाला कशामुळे वाटलं?" सातपूरच्या कारखान्यात नोकरीला होतो तेव्हा सोबतचे कामगार हेच विचारत असत, आणि लग्नाच्या मांडवात वाजवून खाली उतरलो की पाहुणे आजही विचारतात. उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते आज सविस्तर लिहितो.

आधी बँजो कोणता, हे सांगायला हवे, कारण मोबाइलवर हे नाव शोधले की कातडे ताणलेले, लांब दांड्याचे गोल वाद्य दिसते आणि पालक गोंधळून जातात. ते अमेरिकेतले बँजो. त्याच्याविषयी पुढे लिहिणारच आहे. आपल्या मिरवणुकीत, लग्नात, कव्वालीच्या बैठकीत जे वाजते ते लांबट लाकडी पेटीचे वाद्य, ज्याचे पुस्तकी नाव बुलबुल तरंग आहे. पेटीवर तारा ताणलेल्या असतात आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणे बसवलेली असतात. डाव्या हाताने बटण दाबायचे आणि उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. याचे मूळ जपानात आहे. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली, म्हणजे तेथे ताइशो राजवट सुरू झाली त्याच वर्षी, कोतो या तंतुवाद्याच्या नावावरून ताइशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. त्यात टाइपरायटरच्या बटणांची कल्पना तारांना जोडलेली होती. तेच वाद्य समुद्रमार्गे आपल्याकडे आले आणि येथे त्याने नाव, रूप आणि स्वभाव बदलला. बलुचिस्तानात त्याचे आकाराने मोठे भावंड बेंजू या नावाने तिथल्या लोकसंगीतात मानाने वाजते. महाराष्ट्रात मात्र ते बँजो झाले, आणि ज्या ताफ्यात ते वाजते त्या ताफ्यालाही बँजो पार्टी असेच नाव मिळाले.

माझे सांगायचे तर, मी नऊ वर्षांचा होतो. अनंत चतुर्दशीला वडील मला विसर्जनाची मिरवणूक दाखवायला घेऊन गेले होते. नाशिकची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि मेन रोडवर आली की रस्ता इतका चिंचोळा होतो की बघणारा आणि मिरवणुकीत चालणारा यांच्यात हातभराचे अंतर उरते. ढोलांची पथके पुढे गेली होती. त्यांचा आवाज छातीत घुमतो. नाशिकचा ढोल राज्यभर नावाजलेला आहे, त्यावर मी निराळे काय लिहावे? त्यांच्यामागून एक लहानसे मंडळ आले. मंडळाकडे एक हातगाडी, तिच्यावर बॅटरी आणि भोंगा, दोन ताशे, एक ढोलकी आणि गळ्यात पट्ट्याने बँजो अडकवलेला एक माणूस, एवढेच होते. गर्दी अडली तेव्हा तो माणूस नेमका माझ्यासमोर येऊन थांबला. त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना डॉक्टरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि नखी म्हणून त्याने प्लास्टिकच्या डब्याचा कापलेला तुकडा धरला होता. त्याचे मनगट इतक्या वेगाने हलत होते की नखी दिसतच नव्हती, फक्त तारांवर एक धूसर पट्टा थरथरताना दिसत होता.

त्याने आरतीची चाल धरली. आमचे वडील अबोल होते. घरात त्यांना कधी गुणगुणतानाही मी ऐकले नव्हते, आणि आरतीला ते टाळ्या वाजवत पण ओठ मिटलेले असत. दुसऱ्या ओळीला माझ्या डोक्यावरून एक जाडाभरडा, थोडा बेसूर आवाज येऊ लागला. मी वर पाहिले. वडील गात होते. शेजारची बाई गात होती, समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले म्हातारे गात होते, आणि ताफ्यात तर गायक कोणीच नव्हता! शब्द कोणीही दिलेले नव्हते. बँजोने नुसती चाल काढली होती आणि शब्द ज्याच्या त्याच्या तोंडून येत होते.

लोक बँजोकडे का वळतात, याचे माझे उत्तर त्या दोन मिनिटांत आहे. बँजो पार्टीत बँजो हाच गायक असतो, पण तो शब्द बोलू शकत नाही. त्यामुळे गाणे अर्धे तो वाजवतो आणि अर्धे ऐकणाऱ्याकडून काढून घेतो. ज्याच्या तोंडून असे गाणे एकदा काढून घेतले गेले आहे, त्याच्या मनात कधीतरी येते की आपणही दुसऱ्याच्या तोंडून ते काढावे. गेली अनेक वर्षे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी विचारतो, "कुठलं गाणं वाजवायचंय?" आजवर असा एकही भेटला नाही ज्याच्याजवळ एक ठरलेले गाणे नव्हते. तबल्याला येणारा मुलगा तबला शिकायचा म्हणून येतो; बँजोला येणारा एका गाण्यासाठी येतो.

ते गाणे कुठले, हे माणसाच्या वस्तीवरून आणि घरावरून ठरते. एप्रिल जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या मुलांना भीमगीते हवी असतात. नाशिक जिल्ह्याला हे सांगावे लागत नाही, कारण लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १९२२ साली जन्मलेल्या या माणसाने २००४ साली डोळे मिटेपर्यंत गावोगाव फिरून भीमगीते लिहिली आणि गायली. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बँजोवर त्यांतल्या एखाद्या गीताचा मुखडा निघाला की आज्जीबाईंपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे पुढची ओळ म्हणतात. एका मुलाने मला सांगितले होते की त्याच्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण बँजो वाजू लागला की त्यांना संपूर्ण गीत आठवत असे आणि एरवी ते पहिल्या कडव्यावरच थांबत. तो मुलगा त्या कडव्यांसाठीच शिकायला आला होता. कुणाला हळदीच्या रात्रीची गाणी हवी असतात, कुणाला आईच्या आवडीचे एखादे जुने चित्रपटगीत, तर भद्रकालीकडून येणाऱ्या एका तरुणाला दर्ग्यावर ऐकलेली कव्वाली हवी होती.

या ओढीला वाद्याची घडण साथ देते. हार्मोनियमसारखीच यात पट्टीची जागा पक्की असते, सूर हुडकावा लागत नाही. नव्या बँजोवर बटणांच्या कडेला सा रे ग म लिहून घेतले की थोडा कान असलेला माणूस पहिल्या संध्याकाळीच ओळखीच्या चालीची एक ओळ काढतो. सतार किंवा सारंगी हाती घेणाऱ्याला एवढ्यासाठी कित्येक महिने थांबावे लागते. शिवाय वाद्य तुलनेने स्वस्त आहे, गळ्यात अडकवता येते, तार तुटली तर घरी बदलता येते. ज्याचा दिवस कारखान्यात किंवा मंडईत जातो आणि ज्याच्याजवळ रात्रीचा एक तास उरतो, त्याच्यासाठी या गोष्टींचे मोल फार मोठे आहे. माझ्यासाठी तरी होते.

पण हेच सोपेपण बँजोच्या मुळावर आले आहे. विशीत असताना मी एका संगीत वर्गात बँजो घेऊन गेलो होतो. तिथल्या गुरुजींनी पेटी उघडूही दिली नाही. "हे वाद्य नाही, मिरवणुकीतलं खेळणं आहे," असे म्हणाले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ज्या पंचवटीत आश्रम काढला, त्या पंचवटीचा मी रहिवासी. शास्त्रीय संगीताविषयी माझ्या मनात भक्तीच आहे, म्हणून ते वाक्य फार लागले. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार होता असेही मी म्हणणार नाही. बटण दाबले की तार ठरलेल्या जागीच अडते, त्यामुळे दोन सुरांमधून ओघळत जाणारी मींड यात नीट निघत नाही आणि श्रुतींचे बारकावे हाती लागत नाहीत. पण नेमका हाच आक्षेप हार्मोनियमवरही घेतला गेला होता. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, आणि आज तिच्याशिवाय ख्यालाची मैफल सहसा बसत नाही. वाद्याच्या मर्यादा खऱ्या असतात. मात्र त्यावरून ते वाद्यच नाही असे ठरवणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

खरे तर बँजोची विद्या उजव्या हातात आहे, आणि हे कळते तेव्हाच माणूस तिथे टिकतो किंवा सोडून जातो. तार छेडली की सूर क्षणात विरतो. गायक श्वासावर सूर धरून ठेवतो. बँजोवाल्याला तो नखीच्या सुलट-उलट आघातांनी, इतक्या जवळ जवळ आणि इतक्या सारख्या जोराने धरावा लागतो की ऐकणाऱ्याला ठोके ऐकू न येता सलग सूर ऐकू यावा. मनगट सैल हवे, कोपर स्थिर हवे, नखी तारेत फार खोल जाता कामा नये. ओळ कुठे संपते, गाणारा कुठे दम घेईल, तिथे हात उचलायचा. हात न उचलणे ही नवशिक्याची ठरलेली चूक आहे. तो सगळे सूर बरोबर वाजवतो आणि तरीही समोरचा गात नाही, कारण त्याला श्वास घ्यायला जागाच मिळालेली नसते. मी मुलांना आधी ती ओळ तोंडाने म्हणायला लावतो, श्वासाच्या जागी टाळी वाजवायला लावतो आणि मगच नखी हातात देतो. दोन-तीन महिन्यांनी निम्मी मुले गळतात. त्यांना पहिल्या संध्याकाळी जे मिळाले ते पुरेसे वाटलेले असते, आणि त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

आता त्या गोल बँजोविषयी. त्याचा आणि आपल्या बँजोचा घडणीने काही संबंध नाही, पण लोक त्याच्याकडे कसे वळले हे वाचताना मला वारंवार मेन रोड आठवला. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडे ताणून बनवलेल्या आपल्या वाद्यांची आठवण समुद्रापलीकडे जपली आणि त्यातून ते वाद्य घडले. पुढे ते सर्वांचे झाले. तीन बोटांच्या झपाटेदार वादनाने त्याला विसाव्या शतकात नवी ओळख देणारे अर्ल स्क्रग्ज हे उत्तर कॅरोलायनातले. त्यांचे वडील बँजो वाजवत, आणि अर्ल चार वर्षांचे असतानाच ते वारले. स्क्रग्ज यांचे वादन दूरदर्शन मालिकेच्या शीर्षकगीतात ऐकून न्यूयॉर्कमधला एक मुलगा थक्क झाला; पंधराव्या वर्षी आजोबांनी त्याला बँजो आणून दिला. तो मुलगा म्हणजे बेला फ्लेक, ज्यांनी पुढे आपल्या झाकीर हुसेन आणि राकेश चौरसिया यांच्याबरोबर वाजवले आणि २०२४ साली त्यांच्यासोबत ग्रॅमी मिळवले. पण मला सर्वांत जवळचे वाटतात ते अमेरिकेतले लोकगायक पीट सीगर. १९३६ साली एका लोकसंगीत महोत्सवात त्यांनी पाच तारांचा बँजो ऐकला आणि आयुष्यभर तो सोडला नाही. त्यांच्या बँजोच्या कातड्यावर लिहिलेले होते की हे यंत्र द्वेषाला घेरते आणि त्याला शरण यायला लावते. सभागृह कितीही मोठे असले तरी ते श्रोत्यांना गायला लावत, एखादी ओळ आधी सांगत आणि मग स्वतः थांबून लोकांना गाऊ देत. समोरच्याचा आवाज ऐकण्यासाठी स्वतः थांबणे म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कुठल्याही जाणत्या बँजोवाल्याला समजावून सांगावे लागणार नाही.

मागच्या श्रावणात आठवीतला एक मुलगा जुन्या लुगड्यात गुंडाळलेली पेटी घेऊन आला. त्याच्या आजोबांचा बँजो माळ्यावर सापडला होता. तारा गंजून तपकिरी झाल्या होत्या, तीन बटणे दाबल्यावर वर येत नव्हती आणि एका किल्लीचे डोके तुटलेले होते. आम्ही दोघांनी मिळून तारा काढल्या, बटणांखालच्या स्प्रिंगा रॉकेलने पुसल्या, नव्या तारा चढवून त्या एकमेकींशी मिळवल्या. आजोबा वाजवत ते एक भजन त्याला हवे होते. आजोबांना त्याने पाहिलेलेही नव्हते. चाल त्याने आजीकडून ऐकून ऐकून पाठ केली होती. महिनाभराने एका संध्याकाळी त्याच्या आजी त्याला न्यायला आल्या आणि गुडघे दुखतात म्हणून आत न येता उंबऱ्यापाशीच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मुलाचे तिकडे लक्ष नव्हते. त्याने पहिली ओळ वाजवली, शेवटच्या सुरावर शिकवल्याप्रमाणे हात उचलला, आणि त्या मोकळ्या जागेत उंबऱ्याकडून दुसरी ओळ आली.