पोल्केचे ठिपके आणि अप्पांचं भिंग

पहिल्या खेपेला हे प्रदर्शन मला झेपलं नाही. २०१४चा मे महिना, न्यूयॉर्कचं मोमा म्हणजे आधुनिक कलेचं संग्रहालय, पंचवीस डॉलर तिकीट, आणि मी पाऊण तासात बाहेर. झिगमार पोल्के हा जर्मन चित्रकार २०१०च्या जूनमध्ये कोलोनला वारला. प्रदर्शनाचं काम त्याच्या हयातीत सुरू झालं होतं, उघडलं तेव्हा मात्र त्याला जाऊन जवळजवळ चार वर्षं झाली होती. नाव काय, तर ‘अलिबाइज’. म्हणजे ‘मी त्या वेळी तिथे नव्हतोच’ असं सांगायची सोय. आता खरोखरच नव्हता!

अडीचशेच्या वर कामं. रंगवलेली चित्रं, फोटो, फिल्म, झेरॉक्स, वह्या, छापील पडद्याच्या कापडावर ओतलेली रसायनं. आणि भिंतीवर चित्रांच्या नावांच्या पट्ट्याच नाहीत. हातात एक पुस्तिका देत, तिच्यात बघून कुठलं चित्र कुठलं ते आपण शोधायचं. मला आधी पट्टी वाचायची आणि मग चित्र बघायचं अशी सवय. मान खाली, मान वर, असं करत मी तीन दालनं ओलांडली आणि डोकं धरून कॉफी प्यायला गेले.

जूनमध्ये अप्पा, माझे वडील, आले. वय अठ्ठ्याहत्तर. पुण्यात सदाशिव पेठेत एका ब्लॉकमेकरकडे त्यांनी तीसेक वर्षं काढली. फोटोवरून जस्ताचा ब्लॉक करायचा, तो छापखान्यात जायचा. ऑफसेट छपाई आली आणि ते काम संपलं. नायट्रिक अॅसिडने त्यांची बोटं कायम पिवळी असायची. लहानपणी मला वाटे, सगळ्याच वडिलांची असतात.

मोमा तेव्हा शुक्रवारी चार ते आठ फुकट असे. तिकिटाला पैसे मोजायला अप्पांनी नकार दिला असता, म्हणून शुक्रवार. न्यू जर्सीतल्या मेट्रोपार्कहून गाडी, पेन स्टेशनला ‘ई’ सबवे, फिफ्थ अव्हेन्यूला उतरायचं. रांग कोपऱ्यावरून वळली होती. फुकटवाल्या संध्याकाळी ज्येष्ठांना न्यायचं, म्हणून पाणी आणि काहीतरी खायला बरोबर ठेवलं होतं. आत गेल्यावर डबा उघडता येत नसे. आमच्या दशम्या रांगेतच संपल्या.

आत अप्पा निवांत चालत होते. पुस्तिका त्यांनी खिशात घातली. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्याला खरे बटाटे लावलेलं १९६७चं एक घर होतं. ते पाहून त्यांनी एवढंच विचारलं, “कुजले की बदलतात का गं?” एका पांढऱ्या कॅनव्हासवर उजवा वरचा कोपरा काळा, आणि खाली टाइप केल्यासारख्या अक्षरांत : वरिष्ठ शक्तींची आज्ञा, उजवा वरचा कोपरा काळा रंगवा. मी भाषांतर करून सांगितलं. “आमच्या मालकांसारखं,” म्हणाले आणि पुढे गेले.

मग ते थांबले.

१९६३चं काम. कागदावर पोस्टर कलर आणि पेन्सिल. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या खुनाचा आरोपी ली हार्वे ऑस्वाल्ड, त्याचा वर्तमानपत्रातला फोटो, त्यातला ठिपका न् ठिपका मोठा करून हाताने काढलेला. पेन्सिलीच्या मागचं रबर रंगात बुडवून त्याने हे ठिपके उठवले म्हणतात. पोल्के तेव्हा बावीस वर्षांचा, ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकत होता. अप्पा सत्तावीसचे, सदाशिव पेठेत.

“हा केनेडीवाला ना?” अप्पा म्हणाले. “त्या आठवड्यात केनेडीचा ब्लॉक मी केला होता. पासष्टची स्क्रीन, म्हणजे इंचाला पासष्ट ठिपके. वर्तमानपत्राच्या कागदाला त्याहून बारीक चालत नसे, डॉट भरायचा.”

मी अर्धा तास तरी तिथे उभी होते. ठिपका भरणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. फोटोतला करडा रंग छापता येत नाही; शाई काळी ती काळीच. म्हणून स्क्रीन लावून फोटोचे ठिपके करायचे. अंधार तिथे मोठे, उजेड तिथे बारीक. लांबून डोळा फसतो आणि चेहरा दिसतो. अॅसिड जास्त झालं तर बारीक ठिपका उडून जातो, शाई जास्त झाली तर दोन ठिपक्यांमधली फट बुजते. अप्पा बोट हवेत धरून दाखवत होते, “इथे भरलाय. हा उडालाय. इथे तर दोघं चिकटलेत, बघ.” पहारेकऱ्याने त्यांना दोनदा नम्रपणे मागे सरकवलं.

“आम्हाला असा ब्लॉक परत आला असता,” ते म्हणाले, “आणि ह्याने मुद्दाम ठेवलंय.”

पोल्के छापील चुका गोळा करी, वाढवून चित्रात घेई, हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं अंगाला लागलं नव्हतं. अप्पांना ते वाचावं लागलं नाही. ज्या चुकीपायी त्यांचा पगार कापला जायचा, ती इथे भिंतीवर काचेत होती. राग आला का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “राग कशाला? त्याला कुठे सकाळचा अंक काढायचा होता!”

पुढचं भराभर झालं. १९८४च्या ‘टेहळणी मनोऱ्या’पुढे मात्र पुन्हा थांबलो. नक्षीच्या कापडावर चार पायांचा उंच सांगाडा. “हे मचाण,” अप्पा लगेच म्हणाले, आणि तसंच आहे. जर्मनीत शिकारी असल्या मचाणावर बसतात. छळछावण्यांच्या कुंपणावर आणि पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या सीमेवरही तसेच मनोरे होते, आणि पोल्केचं कुटुंब १९५३मध्ये पूर्वेकडून पश्चिमेला पळून आलं होतं, हे मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. कापडाची नक्षी मात्र बराच वेळ बघत राहिले.

निघताना दुकानात प्रदर्शनाचा जाडजूड कॅटलॉग उघडा ठेवलेला होता. अप्पांनी ऑस्वाल्डचं पान काढलं आणि खिशातून भिंग. ते भिंग पुण्याहून आणलं होतं! मला माहीतच नव्हतं. पानावर ठेवून, एक डोळा मिटून, ते वाकले. दुकानातली मुलगी आमच्याकडे बघायला लागली.

“काय बघताय?”

“ठिपक्यांच्या चित्राला परत स्क्रीन लावली की मॉयरे येतो. लाटा लाटा दिसतात. सगळं वाया जातं.” त्यांनी भिंग इंचभर सरकवलं. “नाही आला.”

“मग?”

“मग काय. ज्याने कोणी हे छापलं, त्याला काम येतं.”