सहा आकडे

काकूंनी पिशवीतून 'कोसला' काढली आणि म्हणाल्या, "पहिली आवृत्ती आहे." जुन्या पुस्तकांच्या धंद्यात हे वाक्य रोज कानावर येतं. बहुतेकांनी 'पहिली आवृत्ती : १९६३' एवढी ओळ वाचलेली असते, तिच्याखाली पुढच्या आवृत्त्यांची उतरंड असते, ती नाही.

इथे तर ती ओळच नव्हती. पुढची पानं वाळवीने खाल्ली म्हणे, आणि पुठ्ठाही बाइंडरने नवा चढवलेला. पहिली आवृत्ती काढणाऱ्या देशमुख आणि कंपनीचं नाव शोधायला शीर्षकपान तरी हवं! मजकुराच्या पहिल्या पानावर मात्र फिकट निळी शाई : 'सौ.स, पहिली दिवाळी, १९६४'.

पान उलटून पाठीवर बोट फिरवलं. खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या अक्षरांचा, दाब लागला. ऑफसेट छपाईला तो लागत नाही. जीव हरखला, पण खिळ्यांची छपाई आपल्याकडे पुढेही बरीच वर्षं चालू होती. म्हणून शेवटाकडे वळलो. मला पुढच्या पानांपेक्षा मागची जाहिरात जास्त बोलकी वाटते. किमतीत 'नवे पैसे' दिसले की १९५७ ते ६४ चा काळ. इथे नुसतेच पैसे. तळाशी प्रकाशकाचा पत्ता. शहराच्या नावापुढे जुन्या पद्धतीचा एक-दोन आकडी टपाल विभाग हवा होता. होते सहा आकडे. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. ही जाहिरात कादंबरीच्या शेवटच्या पानाच्याच पाठीवर होती, त्यामुळे बाइंडरने दुसरीकडून जोडली असेल म्हणायचीही सोय नव्हती.

आता सांगायचं कसं? पत्त्यावर बोट ठेवून एवढंच म्हणालो, "काकू, हे बहात्तरनंतर छापलंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग एकदम हसायला लागल्या.

"अहो, ही माझी प्रत धाकट्या जाऊबाईंनी वाचायला नेली होती. वर्षानुवर्षं परत येईना. मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग एकदा संध्याकाळी घेऊन आले. म्हणाले, मिळाली बघ, तिच्याकडे वाळवी लागली होती, बाइंडिंग करून आणलं."

भाव त्यांनी विचारलाच नाही. पुस्तक पिशवीत घालताना म्हणाल्या, "शाईत पाणी घातलं असणार हो."

मी पुस्तक पुन्हा मागून घेतलं आणि पहिलं पान मुळापाशी उघडून पाहिलं. पाच पानांच्या चिंचोळ्या पट्ट्या शिवणीत राहिल्या होत्या. वाळवी इतकं सरळ खात नाही.