उतारू

परभणीहून परळीकडं जाणारी गाडी गंगाखेडच्या अलीकडं पुलावर चढली, की डब्यातल्या माणसांचे हात आपोआप खिशाकडं जातात. (पुस्तकात गोदावरी, आमच्याकडं ती गंगाच.) परवा दुपारी माझाही हात गेला आणि रिकामाच बाहेर आला. चहाचे दहा रुपयेसुद्धा हल्ली मोबाइलवरून जातात, सुट्टे राहतात कुठं? शेजारच्या म्हातारीनं ते बघितलं. चंची सोडून एक रुपया माझ्या तळहातावर ठेवला.

"टाक लेकरा. गंगामायवरून फुकट जाऊ नाही."

'फुकट' ऐकलं आणि नावाडीबाबा आठवले.

मामाचं गाव गंगाखेडच्या खाली, पल्याडच्या काठाला. पावसाळ्यात जायचं तर अल्याडच्या दरडीवर उभं राहून हाळी द्यायची. पाण्यावरून आवाज असा जातो, की आपलाच आपल्याला मोठ्या माणसाचा वाटतो. मग पलीकडं बारीक हालचाल, मग नाव. नावेत दुधाच्या कॅन, शेळ्या, एखादी माहेरवाशीण, झालंच तर सायकल. बाबा वेळूची काठी तळाला रेटायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "हालू नका."

गावकऱ्यांकडून ते पैसे घेत नसत. सुगीला खळ्यावर यायचे, ज्वारी न्यायचे. रोख फक्त परगावच्यांनी द्यायची. आता आम्ही भाचे कुठल्या खात्यात? मामा म्हणायचा, लेकीची लेकरं गावचीच. बाबा म्हणायचे, लेक दिली की खातं त्या गावाला गेलं. दरवर्षी ही हुज्जत व्हायची आणि दरवर्षी "पुढच्या खेपेला दे" वर मिटायची.

एकदा नाव पल्याड अडकली होती. तेव्हा मामानं गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटली. नावेला पुढं-मागं असतं, काहिलीला ते नसतंच. ती नुसती गरगरते. मधोमध मांडी घालून बसायचं, काठाला हात लावायचा नाही. देऊळ डोळ्यांसमोरून गेलं, मग बाभळी, मग परत देऊळ. मामा ताटलीनं पाणी मागं सारत होता आणि आम्ही जायचं त्याच्या बरंच खाली जाऊन लागलो. तळाला गुळाचा जळकट वास होता. भीती वाटायच्या वयात मला त्या वासानं भूक लागली, हे आजही घरात कुणाला पटत नाही.

वैशाखात मात्र 'उतार पडायचा'. चपला हातात, धोतर गुडघ्याच्या वर, बैलगाड्यासुद्धा वाळूतून सरळ पार. नाव पालथी पडून डांबर खायची. प्रवाशाला उतारू म्हणतात ते या उतारामुळंच, अशी माझी ठाम समजूत आहे. कोशवाल्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं. एसटीत चढणारा माणूस उतारू कसा, हे मला दुसऱ्या कशानं उलगडत नाही. नांदेडला नावघाट म्हणतात, तिथं आता पूल आहे. शब्द काठावर राहिले, नावा गेल्या.

गेल्या काय म्हणा. वर पैठणला १९७६ साली जायकवाडी झालं. पुढं खाली डिग्रसला बंधारा आला आणि पाणी मामाच्या गावापर्यंत तुंबलं. पाणी आलं, ऊस आला, चांगलंच झालं. पण आता वैशाखातही उतार पडत नाही. पल्याड शेत असलेली माणसं थर्माकोलच्या चप्पूवर बसतात. चप्पू म्हणजे थर्माकोलचे ठोकळे बांबूला बांधलेले, आणि पल्याडपर्यंत ताणलेला एक दोर. तो धरून ओढत जायचं. मागच्या दिवाळीला मीही बसलो. शेजारी दप्तर मांडीवर घेतलेली एक पोरगी मोबाइल बघत होती. मी दोन्ही हातांनी बांबू धरला होता. "हालू नका" म्हणायला कुणी नव्हतं.

पूल संपत आला तसा मी रुपया खिडकीच्या गजातून भिरकावला. ठण् असा आवाज आला. लोखंडावरच आपटला असावा.

"पडला का पाण्यात?" म्हातारीनं विचारलं.

"पडला," मी म्हणालो.

"मग झालं." तिनं चंची आवळली.