खुळखुळ नको म्हणून

पोळ्याच्या आधीचा आठवडा होता, म्हणजे आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते लाकडी नंदी रांगेनं वाळत ठेवलेले, आणि त्यात सकाळी दहाच्या सुमारास एक ताई स्टीलचा डबा छातीशी धरून आत आल्या. दादरहून. रात्रभर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये तो डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. डब्यात मी मे महिन्यात पाठवलेलं कपाट होतं, सहा इंच उंच, आणि त्याच्या डाव्या दाराचा वरचा कोपरा उघडलेला.

पोळ्याचे दिवस सोडले तर मी बाकी वर्षभर बाहुलीघराचंच फर्निचर करतो. माप एकास बारा, खऱ्या एका फुटाला आपला एक इंच. बार्बीचं माप साधारण एकास सहा, ती दुनियाच वेगळी, पण कितीतरी लोक माप न पाहता ऑनलाइन मागवतात आणि मग पलंग खोलीत मावत नाही म्हणून मला फोन करतात. असो.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट पटतच नाही, की आम्ही सागवानाच्या मुलखात बसून सागवान वापरत नाही. सागाची छिद्रं मोठी असतात. घरातल्या कपाटावर ती शोभतात, पण दीड इंचाच्या दारावर तीच छिद्रं नाल्यांसारखी दिसतात, डोळ्याला लगेच कळतं की हे खेळणं आहे. लाकडाचा पोत काही आपल्यासाठी बारा पटीनं लहान होत नाही ना. म्हणून मी हळदू घेतो. पिवळसर, बारीक पोताचं, त्याच्यावर दोन मिलिमीटरची खाचसुद्धा स्वच्छ निघते. लकडगंजात, म्हणजे इथल्या लाकूडबाजारात, सरळ रेषांचा एक चांगला तुकडा मिळावा म्हणून मी चार दुकानं पालथी घालतो. पॉलिशचंही तसंच, पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, दोन हात मारले की कडा गोल होतात आणि वस्तू प्लास्टिकची वाटायला लागते, म्हणून मी लाखेचं पातळ पॉलिश कापडाच्या बोळ्यानं देतो, वेळ लागतो तर लागू दे. कड्या-बिजागऱ्या भंडाऱ्याहून आणलेल्या पितळेच्या. गिऱ्हाइकाच्या समोर लोहचुंबक लावून दाखवतो, खरं पितळ चिकटत नाही, मुलामा दिलेलं लोखंड टपकन चिकटतं. आणि इकडे ऑनलाइन काय विकून राहिले तर एमडीएफला, म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या दाबलेल्या फळीला, लेझरनं कापायचं, कडा जळून काळ्या झालेल्या, वरून लाकडाच्या छापाचा कागद, ड्रॉवर नुसते चिकटवलेले, आणि लिहायचं ‘हँडमेड सागवान’. मला याचा फार राग येतो. लोक पैसे देतात हो त्याला.

या ताई त्यातल्या नव्हेत. भिंग घेऊन बसणाऱ्या. इंग्लंडात विंडसरला राणी मेरीचं बाहुलीघर आहे, 1924 सालचं, एकास बाराचंच, त्याच्या नळाला खरं पाणी येतं, ते त्या स्वतः पाहून आलेल्या. त्यांच्या हिशेबात ड्रॉवर उघडला पाहिजे, दार लागलं पाहिजे, आतल्या बाजूला पॉलिश पाहिजे. असं गिऱ्हाईक मिळणं म्हणजे भाग्य आहे, हे मी आजही म्हणतो.

त्या म्हणाल्या, “पैसे परत मागायला नाही आले. हे कसं झालं तेवढं सांगा.”

मी बारीक माप घ्यायचा व्हर्नियर काढला. दाराच्या मधली फळी, म्हणजे आमच्या भाषेत दिल्हा, माझ्या वहीत 28 मिलिमीटर रुंद लिहिलेला. उघडलेल्या कोपऱ्यातून मोजला तर 28.6. आणि मधोमध पोट काढल्यासारखा बाहेर आलेला. कारण समजायला मिनिट लागलं नाही. मे महिन्यात नागपूरला पारा 45 च्या आसपास, हवेत ओलावाच नाही, लाकूड पापडासारखं वाळलेलं असताना मी ते कापलं, आणि जुलैत ते मुंबईच्या पावसात जाऊन बसलं. हळदू सागापेक्षा जास्त फुगतं, त्यात असल्या पातळ फळीला ओल प्यायला किती वेळ लागणार. पण यासाठीच तर दिल्हा चौकटीच्या खाचेत सुटा ठेवतात, दोन्हीकडे थोडी जागा सोडून. बिलावर मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘दिल्हे सुटे’.

ताईंनी ते बिल आणलं होतं. पुढ्यात ठेवलं, काही बोलल्या नाहीत.

मी पातळ पात्यानं कोपरा जरासा अजून उघडला. खाच तळापर्यंत फेविकॉलनं भरलेली. चारही बाजूंनी.

आमचा कामाला असलेला पोरगा मागे नंद्यांना चाकं लावत होता, हात थांबले त्याचे. स्वतःहून म्हणाला, “दादा, म्याच भरला. तुमीच तं म्हटलं होतं, वाजू देऊ नको.”

म्हटलं होतं. मोठ्यानं म्हटलं होतं. झालं असं की त्याआधीचं कपाट ताईंना गेलं होतं तेव्हा त्यांनी व्हिडिओ पाठवला, दार हलवलं की खुळखुळ वाजतं, ढिलं काम वाटतं. सुटा दिल्हा वाळला की वाजतोच, पण ते त्यांना समजावून सांगायच्या ऐवजी मी पोराला चार लोकांसमोर झापलं. मग त्यानं पुढच्या वेळी वाजूच दिलं नाही. हात चांगला आहे त्याचा, एक थेंब बाहेर आलेला नव्हता, मलाही पाठवताना कळलं नाही. आणि मी न तपासता बिलावर ‘सुटे’ लिहिलं, कारण माझ्या दुकानात ते सुटेच असतात असं मला वाटत होतं.

यावर उपाय आहे, आणि तो मला येतो, हेच मला टोचून राहिलंय. दिल्ह्याच्या वरच्या कडेला बरोबर मधोमध एक थेंब, खालच्या कडेला मधोमध एक थेंब. बस. मग तो वाजत नाही आणि फुगला तर दोन्हीकडे सारखा सरकतो. माझ्या वडिलांनी मला हे खऱ्या दारावर दाखवलं होतं, मी दहा-बारा वर्षांचा असेन. पोरगा माझ्याकडे तीन वर्षांपासून आहे आणि मी त्याला हे कधी दाखवलंच नाही. लपवलं नव्हतं, बोलायचंच सुचलं नाही, मी असताना मीच थेंब टाकायचो आणि मेमध्ये ऑर्डरी तुंबल्या म्हणून जोडणी त्याच्यावर टाकली.

ताईंना सगळं सांगितलं. त्यांचा व्हिडिओसुद्धा आला त्यात. त्या थोडा वेळ दाराकडे पाहत बसल्या, मग म्हणाल्या, “खुळखुळ का होते ते तेव्हाच सांगितलं असतंत तर मी ऐकलं असतं हो.”

नवीन दार पोरानं केलं. थेंब त्यानंच टाकले, मी बाजूला उभा होतो. ताईंना कपाट आठवड्यात पाठवतो म्हटलं तर त्या नको म्हणाल्या, एक उन्हाळा तुमच्याकडे जाऊ दे, मग मुंबईला पावसात पाठवा. तर ते फळीवर ठेवलंय, खाली तारीख आणि दिल्ह्याचं माप लिहिलंय, आणि पोरगा दर सोमवारी व्हर्नियर लावून वहीत आकडा टाकतो.