वाघोलीचे यार्ड आणि चाकणची बोली: ओढून आणलेल्या गाड्यांच्या लिलावाचे दोन दिवस

हप्ते थकल्यामुळे बँकांनी ओढून आणलेल्या गाड्यांचा लिलाव आता बराचसा मोबाईलवरच होत असला, तरी गाड्या उभ्या असतात त्या यार्डात, आणि तिथे जाऊन पाहिल्याशिवाय बोली लावायची नाही असे ठरवून मी गेल्या महिन्यात ओळखीच्या मेस्त्रींना सोबत घेऊन पहाटे ५ वाजता कोल्हापूरहून निघालो. पहिल्या दिवशी वाघोलीच्या पुढच्या एका यार्डात ऑनलाइन यादीतून निवडलेल्या ३ वॅगनआर पाहायच्या होत्या, तर दुसऱ्या दिवशी चाकणजवळ समोरासमोरच्या बोलीचा लिलाव होता.

यार्डात जाताना ओळखपत्र आणि लॉट नंबर (लिलावाच्या यादीतला गाडीचा क्रमांक) जवळ असू द्यावा, आणि शक्य असल्यास चार्ज केलेली बॅटरी व जंपर केबलही न्यावी, कारण महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरलेलीच असते. मेस्त्रींनी ती आणली होती म्हणून इंजिने निदान चालू करून ऐकता आली. गाडी जागची हलवू देत नाहीत; त्यामुळे क्लच आणि गिअरबॉक्स यांच्याबाबत अंदाजावरच राहावे लागते आणि तेवढा खर्च बोलीतून आधीच वजा करावा लागतो.

दुसरी वॅगनआर फोटोंत सर्वांत देखणी होती. मेस्त्रींनी चालकाच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तेव्हा वरचा हातभर भाग स्वच्छ राखाडी निघाला आणि रिळात गुंडाळलेला भाग वाळलेल्या गाळाने ताठ झालेला दिसला. २०१९ च्या पुरानंतर आमच्या गल्लीतल्या गाड्यांचे पट्टे मी असेच पाहिले होते. यादीत या गाडीचे १२ फोटो होते, त्यांत पट्टा नव्हता. आणि ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ या अटीवर विक्री असल्याने नंतर तक्रारीला जागाही राहिली नसती.

चाकणला टोकन घेऊन उभे राहिलो, तर नेहमीचे व्यापारी एका बाजूला घोळका करून होते. आपसांत ते फारशी चढाओढ करीत नव्हते, मात्र बाहेरच्या माणसाने तोंड उघडले की बोली झपाट्याने वर जाई. एक स्विफ्ट तर गावातल्या ओळखीच्या माणसाकडून मिळाली असती त्याच भावाला गेली. तरीही ही सकाळ वाया गेली असे मी म्हणणार नाही, कारण व्यापारी ज्या गाडीवर एकजात गप्प बसतात तिच्यात काय खोट आहे हे मेस्त्रींकडून तिथल्या तिथे समजून घेता येते, आणि हे शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर मिळत नाही.

वाघोलीच्या यार्डातल्या तिसऱ्या वॅगनआरची ऑनलाइन बोली मी घरूनच लावली. शेवटच्या क्षणी कोणी आकडा वाढवला की मुदत आपोआप पुढे सरकते. माझ्या वेळी ती ४ वेळा सरकली. कमाल रक्कम आधीच कागदावर लिहून ठेवली होती म्हणून २ लाख ४ हजारांवर थांबलो आणि गाडी मिळाली. मात्र सर्वांत मोठी बोली म्हणजे विक्री नव्हे. ती बँकेने मंजूर करावी लागते, आणि तोवर बोलीसाठी भरलेली अनामत अडकून पडते. मंजुरीनंतर लिलावाचे शुल्क व त्यावरचा जीएसटी भरावा लागतो, आणि गाडी उचलायला उशीर झाल्यास यार्डाचे रोजचे भाडेही आपल्याच माथी येते.

पैसे भरण्यापूर्वी ई-चलने, विमा आणि आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, परिवहनच्या संकेतस्थळावर पाहावी. बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि नाव बदलण्यासाठी २९ व ३० लागतात. मूळ मालकाने आरसी दिलेली नसल्यास बँकेला फॉर्म ३६ भरून आधी स्वतःच्या नावे नवी आरसी काढावी लागते, आणि खरा वेळ तिथेच जातो. शासकीय लिलावातील गाडीसाठी मात्र फॉर्म ३२ असून तो ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो.

माझ्या गाडीचा विमा संपलेला असल्यामुळे ती चालवत न आणता टोइंगच्या ट्रकवर चढवून कोल्हापुरात आणली. किल्ली एकच मिळाली आहे, दुसरी करायला टाकली आहे, आणि आरसीसाठी बँकेकडे फेऱ्या चालू आहेत.